वाचकांचे प्रश्न : सोसायटीची लिफ्ट आणि तपासणी

आमची इमारत पाच मजली, लिफ्ट १९९४ची, सहा माणसांची. दरवाजे आत-बाहेर जाळीचे. देखभाल करणारा ठेकेदार म्हणतो, नियम बदललेत, सगळी लिफ्टच बदला, नाहीतर तपासणीत अडकाल. खरे काय?
*– सेक्रेटरी, गृहनिर्माण संस्था, कल्याण*

नियम बदललेत हे खरे. 'सगळी लिफ्टच बदला' हा मात्र त्यांचा धंदा.

राज्यात १९३९चा मुंबई लिफ्ट कायदा होता, त्याच्या जागी २०१७चा कायदा आला. त्यात सरकते जिनेही आहेत. सरकारी कागदावर लिफ्टला 'उद्वाहन' म्हणतात, तेवढे लक्षात असू द्या. दुसरीकडे भारतीय मानक ब्यूरोने २०२२मध्ये आयएस १७९०० हे नवे मानक काढले. ठेकेदार दाखवतात ते बहुधा हेच, पण ते नव्या लिफ्टची रचना ठरवण्यासाठी आहे. तुमच्या लिफ्टला बंधनकारक काय, ते विद्युत निरीक्षक तपासणी अहवालात लिहून देतात. कोटेशन आणि अहवाल शेजारी ठेवा आणि कोटेशनमधल्या प्रत्येक ओळीसमोर 'अहवालातला मुद्दा' किंवा 'ठेकेदाराची सूचना' असे लिहा. निम्मी रक्कम तिथेच गळते.

आधी लिफ्टचा परवाना फायलीतून काढून बघा. इतक्या जुन्या इमारतीत तो अजून बिल्डरच्या नावावर असण्याची शक्यता बरीच असते. तसे असेल तर संस्थेचे नोंदणीपत्र आणि ठराव जोडून तो विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातून संस्थेच्या नावावर करून घ्या. वार्षिक तपासणीच्या फीची पावती आणि त्रयस्थ व्यक्तींचा विमा त्याच फायलीत लावा. देखभालीचा करार म्हणजे परवाना नव्हे. अपघात झाला तर विचारणा मालकाकडे होते आणि मालक संस्था आहे.

आता यंत्राकडे. पैसे कमी असतील तर क्रम असा लावा : दरवाज्यांची कुलपे, दोर, ब्रेक, गव्हर्नर (वेग आवरणारी यंत्रणा). केबिनची सजावट सगळ्यांत शेवटी.

कुलपांची परीक्षा सोपी आहे, पण मेकॅनिक हजर असतानाच करा. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उभी करून पहिल्या मजल्याचा दरवाजा ओढा. उघडला तर लिफ्ट तिथेच बंद करायची. मग आतली जाळी चार बोटे उघडी ठेवून बटण दाबा. लिफ्ट हलली, तर जाळीचा विजेचा संपर्क बिघडला आहे किंवा कुणीतरी वायरचा तुकडा टाकून तो 'बायपास' केला आहे. सारखी बंद पडणारी लिफ्ट 'चालू करून देताना' हा उद्योग सर्रास होतो आणि वायर काढायची राहून जाते. कुलपाची जीभ किमान ७ मिमी आत अडकल्याशिवाय लिफ्ट सुटता कामा नये.

दोरांचा व्यास कॅलिपरने तीन ठिकाणी मोजून घ्या. १३ मिमीचा दोर सव्वाबारापर्यंत उतरला किंवा तुटलेल्या तारा हाताला लागू लागल्या, की बदलायचा. तांबूस भुकटी दिसली तर दोर आतून कोरडा पडून झिजतोय. त्यावर ग्रीस थापू नये, पुलीवरची पकड सुटते. एकच दोर खराब निघाला तरी संच पूर्ण बदला. नवा दोर ताणतो, जुना ताणत नाही, आणि भार एकावरच येतो.

गव्हर्नर म्हणजे वेग मर्यादेबाहेर गेला की लिफ्ट रुळांवर जखडून ठेवणाऱ्या सेफ्टीला ओढणारी यंत्रणा. तिचा दोर ताणून धरणारी खालची ताणपुली लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात असते. पावसाळ्यात तिथे पाणी साचले की ती गंजून अडकते, आणि लिफ्ट नेहमीसारखी चालत असल्याने कुणाला पत्ता लागत नाही. वर्षातून एकदा, केबिन रिकामी असताना, गव्हर्नर हाताने अडवून सेफ्टी पकडते का, हे मेकॅनिककडून करून घ्या आणि लॉगबुकात तारीख लिहून घ्या.

जाळ्या मात्र बदलाच. त्यांच्या फटीतून लहान मुलांचे हात जातात. बाहेरचा दरवाजा आणि आतली जाळी यांच्यामधल्या जागेत मूल उभे राहू शकत असेल, तर एक दिवसही थांबू नका. स्वयंचलित दरवाजे बसवण्याआधी परवानगी लागते. दरवाज्यांनी केबिनचे वजन वाढते, म्हणून काउंटरवेट, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाचे समतोल वजन, तेही पुन्हा जुळवावे लागते. त्याचे वजन साधारण रिकामी केबिन अधिक क्षमतेच्या चाळीस ते पन्नास टक्के इतके असते. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो, म्हणजे माणशी ६८. या हिशेबात ग्रॅनाइटची फरशी आणि भिंतभर आरसा कुठे बसतो, हे सजावटीची हौस असलेल्या समितीने बघावे.

लिफ्टमध्ये कुणी अडकले तर वॉचमन दरवाजा उघडून ओढून काढतो. चालेल का?
*– एक सभासद, ठाणे*

अजिबात नाही. केबिन दोन मजल्यांच्या मध्ये असेल तर तिच्या खाली उघडा शाफ्ट, म्हणजे लिफ्टची उभी पोकळी, असतो. बाहेर उडी मारणाऱ्याचा पाय मागे घसरला की माणूस थेट खड्ड्यात. असे जीव गेलेले आहेत.

आधी आतल्या माणसाशी बोला आणि दरवाज्यापासून लांब उभे राहायला सांगा. मग मशीन रूममधला मुख्य स्विच बंद करा. ही पायरी चुकली आणि मध्येच वीज आली, तर मोटरचे फिरणारे चाक हात मोडते. पुढचे काम शिकलेल्या दोघांचे : एकाने ब्रेक थोडा थोडा सोडायचा, दुसऱ्याने हातचाक फिरवायचे. ज्या बाजूला हलके फिरते त्या बाजूच्या मजल्याला केबिन आणायची. मजल्याच्या बरोबरीत आली की ब्रेक लावून मगच किल्लीने दरवाजा उघडायचा. मजले ओळखता यावेत म्हणून दोरांवर रंगाच्या खुणा हव्यात. त्या पुसल्या असतील तर या महिन्यातच करून घ्या. दरवाज्याची किल्ली वॉचमनच्या खिशात नको, कुलूपबंद हवी. हे शिकलेले कुणी हजर नसेल तर ठेकेदाराला आणि अग्निशमन दलाला फोन करून थांबणे बरे. केबिन हवाबंद नसते, आतला माणूस गुदमरत नाही. त्याला हेच पुन्हा पुन्हा सांगत राहा.

तळमजल्यावर राहतो, लिफ्ट वापरत नाही. खर्च का द्यायचा?
*– एक वाचक, डोंबिवली*

कारण गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, लिफ्टचा देखभाल-दुरुस्ती खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांवर सारखा बसवला आहे, वापर असो वा नसो.

मशीन रूममध्ये गणपतीचे मखर आणि जुन्या खुर्च्या ठेवल्या आहेत. तपासणीपुरत्या हलवाव्यात का?
*– खजिनदार, गृहनिर्माण संस्था, पनवेल*

कायमच्या हलवा. मोटर आणि पॅनेल तापतात, शेजारी थर्माकोल आणि कापड असते. अडकलेल्याला सोडवायला धावणारा माणूस अंधारात खुर्चीला अडखळतो, तो प्रकार वेगळाच. केबलवाल्याच्या आणि इंटरनेटच्या तारा शाफ्टमधून नेल्या असतील तर त्याही काढायला लावा. छत गळत असेल तर पॅनेलवर प्लॅस्टिक अंथरून भागवू नका, वॉटरप्रूफिंग करा. खोलीला कुलूप, आत चालू दिवा आणि मुख्य स्विचवर कुठल्या लिफ्टचा आहे ते मराठीत लिहिलेले हवे.