तुमचे प्रश्न : एकदाच वापरायचे फ्लो मीटर

प्रश्न : आमचा सुगंधी दुधाचा छोटा कारखाना आहे. पिस्त्याच्या फ्लेवरचा पाक ज्या लाइनने सोडतो, तिनेच पुढे वेलचीचा पाक जातो. दरवेळी फ्लो मीटर (किती पाक गेला ते मोजणारं यंत्र) उघडून धुणं जिकिरीचं होतं. एकदाच वापरायचा मीटर चालेल का? (दुग्धव्यावसायिक, सांगली)

उत्तर : चालेल. यात अख्खा मीटर फेकायचा नसतो. पाक जिच्यातून जातो ती प्लास्टिकची नळी आणि तिच्यातलं चक्र, म्हणजे टर्बाइन, एवढंच बदलायचं. फेऱ्या मोजणारा सेन्सर बाहेर असतो. त्याला पाक लागतच नाही. पिस्त्याची अ‍ॅलर्जी असलेल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा बदल करायलाच हवा. मात्र पंपापासून नोझलपर्यंतची होजही बदला किंवा नीट धुवा, नाहीतर नव्या मीटरचा उपयोग नाही.

चूक होते ती आकड्यांत. प्रत्येक नळीच्या पाकिटावर ‘के फॅक्टर’ छापलेला असतो : एका लिटरला किती पल्स, म्हणजे चक्र फिरताना सेन्सरने मोजलेले ठोके. नवी नळी लावली की तो आकडा कंट्रोलरमध्ये बदलायचा. शिवाय तो सहसा पाण्यावर काढलेला असतो. दाट पाकात चक्राची गती बदलते, म्हणून आपल्याच पाकावर, आपल्याच तापमानाला तपासा. बादली काट्यावर ठेवून १० किलो पाक सोडा. ६० ब्रिक्सच्या (वजनाने ६० टक्के साखर असलेल्या) पाकाची घनता २० अंश सेल्सिअसला सुमारे १.२९ किलो प्रति लिटर, म्हणजे तो ७.७५ लिटर झाला. तेवढ्यात ९,३०० पल्स पडल्या तर फॅक्टर १,२००. तीनदा करून सरासरी घ्या.

मीटर उभ्या नळीत, प्रवाह खालून वर जाईल असा बसवा. नळी भरलेली राहते आणि हवा अडकत नाही. आधी व्यासाच्या १० पट आणि नंतर ५ पट सरळ नळी ठेवा : १२ मिमीला १२० आणि ६० मिमी. पेरिस्टाल्टिक पंप (लवचीक नळी दाबत पाक पुढे सरकवणारा) धक्क्याधक्क्याने ढकलतो. प्रवाह मंदावला तरी चक्र आपल्या वेगात फिरत राहतं आणि मीटर जास्त दाखवतो. मध्ये हे धक्के शोषणारा पल्सेशन डॅम्पनर हवा. पाकात पिस्त्याची भरड असेल तर चक्र अडकेल, आधी गाळून घ्या. नळीवर बाहेरून बसणाऱ्या अल्ट्रासोनिक मीटरमध्ये फिरणारा भागच नसतो, पण बुडबुडे आले की त्याचा सिग्नल तुटतो.

कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन हीच नळी पुन्हा लावू नका. ती त्यासाठी बनवलेली नसते. चक्राच्या आसाचे टेकू सैल होतात आणि मोजमाप हळूहळू घसरतं. हळूहळू घसरतं म्हणूनच ते लवकर कळत नाही.

प्रश्न : स्पायरोमीटरची (फुंकलेला श्वास मोजणाऱ्या यंत्राची) एकदाच वापरायची टर्बाइन निर्जंतुक करून दुसऱ्या रुग्णाला दिली तर फक्त संसर्गाचाच धोका असतो का? (डॉक्टर, नाशिक)

उत्तर : निदानही चुकतं. टर्बाइनचं पातं अतिशय हलकं असतं. लाळ, औषधाचा थर किंवा कापसाचा तंतू अडकला की श्वासाच्या शेवटचा मंद प्रवाह ते फिरवू शकत नाही. मग एफव्हीसी (जोरात फुंकून बाहेर टाकलेली एकूण हवा) कमी येते, पण एफईव्ही-१ (त्यातल्या पहिल्या सेकंदाची हवा) जवळपास तशीच राहते. एफईव्ही-१ भागिले एफव्हीसी हे गुणोत्तर फुगतं. ते ०.७० च्या खाली असेल तर सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा दीर्घकालीन आजार) धरतात; फुगून ते वर गेलं की रुग्णाला तो आजार नाही असं ठरतं. खोक्यातली एक नवी टर्बाइन रोज ३ लिटरच्या सिरिंजने मंद, मध्यम आणि जोरात, अशी तीन वेगांना तपासा. तिन्ही वेळा २.९१ ते ३.०९ लिटर यायला हवं. फक्त मंद वेगाला कमी आलं, तर दोष पात्याच्या घर्षणात आहे असं समजा.

प्रश्न : सलाइनच्या सेटवरची डायल १०० वर ठेवूनही बाटली उशिरा संपते. असं का? (परिचारिका, लातूर)

उत्तर : ती डायल मोजत नाही, फक्त वाट अरुंद करते. तिचे आकडे पाकिटावर दिलेल्या उंचीसाठीच खरे असतात. बाटली खाली आली, रुग्ण उठून बसला, हात दुमडला किंवा द्रव दाट असला की प्रवाह घटतो. कडक प्लास्टिकच्या बाटलीला एअर व्हेंट नसेल तरीही तेच. थेंब मोजा : २० थेंबांच्या सेटवर (१ मिलि म्हणजे २० थेंब) ताशी १०० मिलि म्हणजे मिनिटाला ३३, मायक्रो सेटवर (६० थेंब) मिनिटाचे थेंब हेच ताशी मिलि. सुरू करताना, १५ मिनिटांनी आणि रुग्णाने कूस बदलल्यावर पुन्हा मोजा. पोटॅशियम किंवा रक्तदाब वाढवणारी औषधं डायलवर सोडू नका. त्यांना इन्फ्युजन पंपच लागतो. वापरलेला सेट लाल पिशवीत टाका.