नोव्हेंबरात कादंबरी, आणि काट्यावर गाड्यांची रांग

"मॅडम, मला एडीएचडी आहे का, तेवढं फक्त सांगा."

खुर्चीत नीट टेकायच्या आत त्यांनी विचारलं. एडीएचडी म्हणजे लहानपणापासून लक्ष न टिकण्याचा, चंचलतेचा विकार. वय चाळिशीच्या आसपास, खान्देशात पारोळ्याकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, वजनकाट्यावर बसतात. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत. त्यांना इथे संजूभाऊ म्हणू. 1 नोव्हेंबरला कादंबरी लिहायला घेतली, 30 तारखेला कच्चा खर्डा हातात हवा. 12 तारीख उजाडली तरी वहीत जेमतेम 6,000 शब्द. दोन ओळी झाल्या की हात फोनकडे जातो. रील्समध्ये सांगतात ती सगळी लक्षणं आपलीच आहेत, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

हा प्रश्न हल्ली फार येतो, म्हणून तो आधी निकालात काढते. एडीएचडीची लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसू लागलेली असावी लागतात, आणि तीही घर, शाळा, काम अशा एकाहून जास्त ठिकाणी. संजूभाऊ हंगामात दिवसभर कापसाच्या गाड्या मोजतात. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, पावती, त्यातच खिडकीतून कोणी विचारतो, "भाऊ, आज काय भाव?" आकडा चुकत नाही. शाळेतही लक्ष नसल्याची तक्रार कधी नव्हती. शंका उरलीच तर मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावं. रीलवरून निदान करू नये.

नोव्हेंबरच का, हे मी विचारलं. 'नॅनोरायमो' नावाच्या उपक्रमाबद्दल त्यांनी वाचलं होतं. 1999 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 21 जणांनी तो सुरू केला: एका महिन्यात 50,000 शब्द, म्हणजे रोजचे 1,667. पहिल्या वर्षी महिना जुलै होता. पुढच्या वर्षी तो नोव्हेंबर केला, कारण तिकडे तेव्हा हवा इतकी वाईट असते की माणूस आपसूक घरात बसतो. आणि आपल्याकडे? कापसाची वेचणी, जिनिंगचा भर हंगाम, तुळशीचं लग्न लागलं की लग्नपत्रिकांचा ढीग, थंडी पडली की शेतात भरीत पार्ट्या. खान्देशात घरात बसायला याहून वाईट महिना शोधून सापडायचा नाही! शिवाय 'घराबाहेरसुद्धा' हा आपला एक शब्द. इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात. तिकडचे 1,667 मराठीत लिहायचे तर काम वाढतंच.

"पण साने गुरुजींनी 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिली," ते म्हणाले. गुरुजी शिकवायचे ते अमळनेर शेजारीच, त्यामुळे हे उदाहरण येणारच होतं. खरं आहे, 1933 साली. पण नाशिकच्या तुरुंगात. तिथे गुरुजींना कापसाचा भाव विचारायला कोणी येत नव्हतं.

एवढं शहाणपण सांगून मी पहिला सल्ला मात्र पुस्तकी दिला. पहाटे चारला उठा, फोन कपाटात ठेवा. तीन दिवसांत त्याचा फज्जा उडाला. हंगामात माणूस रात्री अकराला घरी येतो, तो चारला काय उठणार? आणि फोन कपाटात असताना मालकाचे दोन कॉल गेले, बोलणी यांनी खाल्ली. चूक माझी होती, तसं मी त्यांना सांगितलं.

दुसऱ्या वेळी वेगळं सुचवलं. फोनकडे हात गेला तर जाऊ द्या, थांबवू नका. फक्त त्याआधी एका कागदावर वेळ लिहा आणि कादंबरीतली शेवटची ओळ उतरवा. पुढच्या आठवड्यात रबर लावलेली चवड आली, काट्याच्या रद्द पावत्यांच्या पाठीवर लिहिलेली. एकूण 43. टेबलावर आम्ही त्या लावल्या. खरोखर कोणीतरी हाक मारली किंवा फोन वाजला अशा 11. उरलेल्या 32 वेळा कोणीच बोलावलं नव्हतं, आणि त्यांतल्या बहुतेक चिठ्ठ्या एकाच ठिकाणी संपत होत्या:

"माय म्हणाली,"

स्वल्पविराम, आणि पुढे कोरं.

कादंबरीचं पहिलं प्रकरण खान्देशातल्या कानबाई देवीच्या रात्रीचं. श्रावण, रोटांचा नैवेद्य, जागरण, घरभर बायका. मी विचारलं, "काय म्हणाली माय?" क्षणही न घालवता ते म्हणाले, "कथा चालनी वं बाई, रोट टाकीसन?" वहीत मात्र 'अगं, तू कुठे निघालीस?' असं लिहून खोडलं होतं.

"असं लिहिलं की ती माझी माय राहत नाही मॅडम. पुण्याची मावशी होते."

मग अहिराणीत, आपल्या खान्देशी बोलीत, का नाही लिहिलं? बराच वेळ ते पावत्या जुळवत बसले. पाचवीत निबंधात 'आहे' ऐवजी 'शे' लिहिलं म्हणून वर्गासमोर हातावर छड्या बसल्या होत्या. तेव्हापासून लिहायचं ते शुद्ध, बोलायचं ते अहिराणी. एकेका वाक्याला ते मनातल्या मनात भाषांतर करत होते. अडलं की फोन. लक्ष उडत नव्हतं, पळून जात होतं. प्रत्येकाच्या बाबतीत कारण भाषेचंच असेल असं नाही. कोणी मरणाच्या प्रसंगाशी उठतं, कोणी पहिल्याच पानाशी. पण कुठे उठतो ते आधी बघावं, फोनला शिव्या नंतर द्याव्यात.

संवाद त्यांनी अहिराणीत लिहायला घेतले. वेळही बदलला: दोन गाड्यांच्या मधली दहा-पंधरा मिनिटं, काट्याच्या खोलीतच. शब्द मोजणं बंद, रोज एक प्रसंग. काही दिवस तेही जमलं नाही. एका मामेभावाच्या लग्नात चार दिवस गेले. 30 नोव्हेंबरला 21,000 शब्द झाले होते. अर्ध्याहून कमीच. ते थोडे खट्टू होते, मी नव्हते.

जानेवारीत आले ते फक्त सांगायला. कानबाईचं प्रकरण बायकोला वाचून दाखवलं होतं. ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "हाई ते मनी सासूच बोली राहिनी!" मग तिने एक शब्द बदलायला लावला, माय असं कधीच म्हणायची नाही म्हणे. तो शब्द कोणता, हे मी दोनदा विचारलं. छापून आल्यावर वाचा, म्हणाले.