आयरिश गोष्टीतलं ‘टर्फ’: हिरवळ की जळण?

प्रश्न: आयर्लंडमधल्या खेड्याच्या एका कथेचा अनुवाद करतो आहे. तिच्यात म्हातारी विस्तवावर ‘टर्फचे दोन सॉड’ ठेवते, आणि जून महिन्यात घरची सगळी माणसं ‘टर्फ सेव्ह करायला’ ‘बॉगवर’ जातात. कोशात टर्फ म्हणजे हिरवळ आणि सेव्ह म्हणजे वाचवणे. अर्थ काही जुळत नाही. मराठीत काय लिहावं?

उत्तर: हिरवळ मुळीच लिहू नका. आयर्लंडमध्ये टर्फ म्हणजे जळण. शाळेच्या भूगोलात कोळशाचे प्रकार सांगताना सगळ्यात आधी येणारं ‘पीट’ ते हेच. पण तिकडचा शेतकरी पीट हा शब्द कारखान्यासाठी आणि बागेच्या खतमातीसाठी ठेवतो; हाताने कापून, वाळवून चुलीत घालायचं ते टर्फ. (आपल्याकडचं ‘कोकोपीट’ हे नाव याच पीटवरून आलं आहे, बागकामात पीटच्या जागी नारळाच्या सोडणाचा भुसा वापरतात म्हणून.)

मराठी वाचकाची अडचण आता दुप्पट झाली आहे, कारण मुंबई-पुण्यात टर्फ म्हणजे तासावर भाड्याने मिळणारं कृत्रिम गवताचं मैदान, आणि महालक्ष्मीला टर्फ क्लब आहेच. मुळात शब्द गवताचाच. व्युत्पत्तिकार त्याचं नातं संस्कृत ‘दर्भा’शी लावतात. मुळांसकट कापलेली गवताची लादी, मग जमिनीतून कापलेली कोणतीही लादी, आणि शेवटी जळणाची लादी असा अर्थ सरकत गेला. आयरिश भाषेत मात्र गोंधळ नाही: जळणाला ‘मोन’, आणि ते जिथे सापडतं त्या जमिनीला ‘पोर्तख’. इंग्रजीतला बॉग हा शब्दही आयरिश ‘बोग’, म्हणजे मऊ, यावरूनच गेलेला आहे.

बॉगला ‘दलदल’ चालेल, पण पहिल्या उल्लेखात थोडं सावरून घ्या. आपल्या दलदलीत माणूस रुततो, ही बरीचशी चालता येण्याजोगी असते. सदा पाण्याने भरलेली, आम्लधर्मी जमीन. हवा पोचत नाही म्हणून स्फॅग्नम शेवाळ आणि झाडोरा पुरता कुजत नाही, थरावर थर साचत जातो. वेग वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे माणसाच्या उंचीएवढी दरड दीड-दोन हजार वर्षांची. याच गुणामुळे शेकडो वर्षांपूर्वी दलदलीत पुरून ठेवलेलं लोणी अजूनही कापणाऱ्याच्या हाती लागतं.

आता क्रियापदांकडे वळू. अनुवाद नामापेक्षा त्यांच्यापाशी जास्त फसतो.

काम वसंतात, एप्रिल-मे महिन्यांत सुरू होतं. आधी वरचा गवताळ, मुळ्यांचा थर सोलून काढतात. त्याला इंग्रजी बोलीत ‘स्क्रॉ’ म्हणतात, आयरिश ‘स्क्रा’वरून. गंमत अशी की खरी हिरवळ हीच, आणि ती जळणात जातच नाही. चांगले कापणारे ती आधीच्या वर्षी कापून झालेल्या खळग्यात, गवत वर करून, नीट अंथरतात, म्हणजे जमीन पुन्हा धरते. जुन्या काळी गवताने शाकारलेल्या छपराखालीही स्क्रॉचा थर असे.

सोलल्यावर जी उभी कड उघडी पडते ती ‘टर्फ बँक’. इथे नदीकाठ नको आणि पतपेढी तर नकोच. ‘दरड’ नेमका बसतो. ती कापायचं अवजार ‘श्लान’. याला फावडं किंवा खोरं म्हणू नका. आपलं खोरं ओढून चालतं, हे दाबून चालतं: लांब सरळ दांडा, अरुंद पातं, आणि पात्याच्या एका कडेला काटकोनात दुसरं छोटं पातं. त्यामुळे एका दाबात दोन बाजू कापल्या जातात आणि चौकोनी वडी सुटते. हीच ‘सॉड’, आयरिशमध्ये ‘फोद’. ओली असताना साधारण दहा सेंटिमीटर जाड-रुंद आणि पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब. दुसरा माणूस ती हातावर झेलून हातगाडीत रचतो आणि मोकळ्या जागी पसरतो. मराठीत ‘वडी’ किंवा ‘वीट’ लिहा. मला ‘वीट’ बरी वाटते, वडी म्हटलं की जीभ आधी पुढे येते.

ताज्या विटेत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. कोरडी हवा मिळाली तर आठवड्या-दोन आठवड्यांत तिच्यावर साल धरते. एका टोकाने उचलून पाहायची. मोडली नाही तर ‘फूटिंग’ करायला झाली. फूटिंग म्हणजे पाय ठेवणं नव्हे. पाच-सहा विटा उभ्या करून माथे एकमेकांना टेकवायचे आणि वर एक आडवी ठेवायची, म्हणजे मधून वारा खेळतो. ‘विटांची खोपटी उभी करणं’ असं लिहिता येईल. घाई केली तर विटा हातात तुटतात. उशीर केला तर खालून गवत वर येतं आणि टेकलेली बाजू ओलीच राहते. ओल्या विटेवर दहिवर गोठलं तर आतलं पाणी फुगून वीट भुसभुशीत होते, मग ती जळण म्हणून वाया गेल्यातच जमा. उलट एकदा नीट वाळली की ती पाणी सहसा परत शोषत नाही, म्हणून नंतरच्या सरींची फार धास्ती नसते. वाळून घनफळ निम्म्याहून कमी होतं.

या सगळ्या खटाटोपाला, म्हणजे उभं करणं, उलटणं, ढीग लावणं आणि घरी आणणं, ‘सेव्हिंग द टर्फ’ म्हणतात. गवताच्या कापणीलाही हेच क्रियापद. ‘वाचवणं’ चूक, ‘टर्फ वाळवून घरी आणणं’ बरोबर. निवेदनाचा बाज ग्रामीण असेल तर ‘टर्फ पदरात पाडून घेणं’ झकास, कारण पावसाशी चाललेली शर्यत त्यात आपोआप येते. पूर्वी वाहतूक गाढवावरून, दोन्ही अंगांना ‘क्रील’ म्हणजे विणलेल्या टोपल्या लटकवून, नंतर ट्रॅक्टर-ट्रॉली. घराशेजारी रचतात ती ‘रिक’. तिला ‘गंजी’ म्हणा, कडब्याची असते तशी. बाहेरच्या विटा बाहेरच्या बाजूला उतरत्या लावतात, पाणी ओघळून जावं म्हणून.

कथेत ‘काळं टर्फ’ आणि ‘तपकिरी टर्फ’ असा भेद आला तर तो गाळू नका. खालच्या थरातलं काळं, घट्ट, सावकाश आणि कडक जळणारं. वरचं हलकं, भुरुभुरु जळून जाणारं. कोणाच्या गंजीत कोणतं आहे यावरून घरची परिस्थिती कळते.

चुलीपाशी आणखी एक सापळा आहे. आयरिश इंग्रजीत रात्री ‘फायर रेक करणं’ म्हणजे विस्तव चाळवणं नव्हे, नेमकं उलट: निखारे राखेखाली झाकून सकाळपर्यंत जिवंत ठेवणं. यासाठीचं आयरिश क्रियापद ‘जपून ठेवणं’ याच अर्थाचं आहे, आणि आपलं ‘विस्तव राखणं’ त्याच्याशी तंतोतंत जुळतं. हे काम करताना म्हणायच्या प्रार्थनाही होत्या. कथेत ‘बॅस्टिबल’ आलं तर ते तीन पायांचं, सपाट बुडाचं बिडाचं भांडं. झाकणावरही टर्फचे निखारे ठेवून त्यात सोडा घातलेला पाव भाजत.

कथा अलीकडची असेल तर दोन संदर्भ लागतील. ‘बोर्द ना मोना’ ही 1946 साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. यंत्राने पीट काढून वीजकेंद्रांना पुरवणारी. तिने 2021 च्या जानेवारीत पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. आणि 31 ऑक्टोबर 2022 पासून दुकानांतून, जाहिरातींतून किंवा इंटरनेटवरून टर्फ विकायला मनाई झाली. बातम्यांतली ‘टर्फबंदी’ ती हीच. मात्र ज्यांच्याकडे ‘टर्बरी’, म्हणजे ठरावीक दरडीवर कापायचा परंपरागत हक्क आहे, त्यांना घरापुरतं कापता येतं. टर्बरीला ‘टर्फहक्क’ पुरे.

शब्द ‘टर्फ’च ठेवा, नपुंसकलिंगी, जळणासारखा. पहिल्या उल्लेखात ‘दलदलीतून कापून वाळवलेलं जळण’ एवढं वाक्यातच गुंफा, तळटीप नको. आणि पुढे गावात कोणी ‘टर्फ अकाउंटंट’ भेटला तर तो जळणाचा हिशेबनीस नाही, घोड्यांच्या शर्यतींवर पैज घेणारा बुकी आहे. तिथे टर्फ पुन्हा महालक्ष्मीचं.