पेटीवरचं नाव

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, नमस्कार. मी चोपड्याची. मुलगा आणि सून जर्मनीत ड्रेस्डेनला असतात, एप्रिलमध्ये त्यांच्याकडे चाललेय. मुलाने पोलंडला जायचं ठरवलंय आणि दुसऱ्या महायुद्धातल्या नाझींच्या ऑश्विट्झच्या छावणीत गाईडसोबतची फेरी बुक करू का, म्हणून विचारतोय. माझं वय ६२, गुडघे दुखतात, इंग्रजी कामापुरतं कळतं. नातू ११ वर्षांचा आहे. थोरल्या जाऊबाई म्हणतात, लाखो माणसं मारली त्या जागी पैसे देऊन फिरायला काय जायचं, आणि आल्यावर सुतकाचं, आंघोळीचं काय करशील? तुम्ही तिथं जाऊन आलात असं तुमच्या एका उत्तरात वाचलं होतं. जाऊ का? गाईड घ्यावा का?

उत्तर : ताई, जा. आणि गाईड घ्याच. नातवाला मात्र या वेळी नेऊ नका.

मी तिथं दोनदा गेले. पहिल्यांदा २०१४ मध्ये, बारा दिवसांत सहा देश दाखवणाऱ्या एका सहलीबरोबर. आमच्या टूर मॅनेजरने मुख्य छावणी घाईघाईत उरकली आणि तीनेक किलोमीटरवरच्या बिर्केनाऊ या दुसऱ्या छावणीला बस नुसती दारासमोर दहा मिनिटं थांबवली. उतरा, फोटो काढा, चला. इतकी वर्षं अमळनेरला पोरांना इतिहास शिकवला आणि त्या जागेवरून मी रिकाम्या हातांनी परत आले. ती रुखरुख पाच वर्षं गेली नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात भाचीकडे बर्लिनला गेले, तेव्हा तिला म्हटलं, बाकी काही दाखवू नकोस, पण मला तिथं पुन्हा ने. आम्ही तिथून जवळच्या क्राको शहरात मुक्काम केला आणि संग्रहालयाच्या गाईडबरोबर साडेतीन तासांची पूर्ण फेरी घेतली.

गाईड पन्नाशीची पोलिश बाई होती. सगळ्यांच्या कानाला हेडफोन असतो, त्यामुळे तिला आवाज चढवावा लागत नव्हता. आपल्या माजघरात बसून बोलावं तसं ती बोलत होती. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर तिने लगेच विचारलं, ‘कोल्हापूर?’ कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून हजारो पोलिश निर्वासित राहत होते, ते तिला माहीत होतं. (ती माणसं या छावणीतून सुटलेली नव्हती. सोव्हिएत रशियाने त्यांना सैबेरियाकडे हाकललं होतं. आपल्याकडे या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते.)

आता गाईड का घ्यायचा ते. नुसती पाहिली तर ती जागा काही बोलत नाही. लाल विटांच्या दुमजली इमारती, मधून नीट आखलेले रस्ते, कडेला झाडं. एखादी जुनी सरकारी वसाहत वाटावी, आणि मुळात ती पोलिश सैन्याची बराकच होती. जून १९४० मध्ये तिथं पहिले पोलिश कैदी आले. ‘काम माणसाला मुक्त करतं’ अशा अर्थाची जर्मन अक्षरं असलेली लोखंडी कमान कैद्यांकडूनच करून घेतली. त्या कमानीखालून मी २०१४ मध्येही गेले होते, पण कुठं थांबायचं हे सांगणारं कुणी नव्हतं.

या बाईने पाच नंबरच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे त्या विटांच्या इमारतींपैकी एकीत, थांबवलं. काचेमागे सुटकेसींचा ढीग आहे. संग्रहालयाकडे अशा सुमारे ३,८०० सुटकेसी आहेत आणि त्यातल्या २,१०० वर मालकांची नावं आहेत. पांढऱ्या रंगात, मोठ्या अक्षरांत. नाव, जन्मतारीख, गाव. ती म्हणाली, सामान नंतर परत मिळेल असं त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्यांनी नावं घातली. मग ती गप्प राहिली आणि आम्हाला वाचू दिलं.

ताई, माझे वडील भुसावळला रेल्वेत गार्ड होते. स्टेशनवर गार्डांच्या काळ्या लोखंडी लाईन बॉक्सची, म्हणजे ड्यूटीच्या सामानाच्या पेट्यांची, रांग लागलेली असायची. प्रत्येकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव आणि हेडक्वार्टर. शाळेतून येताना आम्ही भावंडं त्या रांगेतून वडिलांची पेटी ओळखायचो. अक्षरं पुसट झाली की ते सुट्टीच्या दिवशी बारीक ब्रश घेऊन स्वतः गिरवायचे, रंगाचा डबा धरायचं काम माझं असायचं. त्यांच्या आडनावातला ‘ळ’ गिरवताना त्यांचा हात थोडा थांबायचा. त्या काचेमागच्या एका तपकिरी सुटकेसवर कुणीतरी शेवटचं अक्षर असंच जपून, जागा पुरवून पुरवून काढलं होतं. मला पुढं जाववेना. भाचीने कोपर धरलं, तर गाईड बाईने हाताने खूण केली, राहू दे तिला.

पुढं स्वयंपाकाची भांडी आहेत, बारा हजारांवर. बरीचशी मिन्याची, निळी, पांढरी, कडेचे टवके उडालेली. आपण भांड्यांवर नाव कोरून घेतो ना, त्या सवयीने मी प्रत्येक पातेल्यावर नाव शोधत होते.

नावाचं एवढं का सांगतेय? पुढं बिर्केनाऊच्या रॅम्पवर, म्हणजे गाड्या जिथं रिकाम्या करत त्या फलाटावर, तिने जे सांगितलं त्यासाठी. गाडीतून उतरवल्यावर तिथंच माणसं निवडायचे. कामाला चालतील ते एकीकडे. म्हातारे, आजारी, पोरं आणि पोरांच्या आया दुसरीकडे, आणि ते थेट विषारी गॅसच्या कोठड्यांकडे. त्यांना नंबरही देत नसत, छावणीच्या दफ्तरात त्यांची नोंदच नाही. ऑश्विट्झमध्ये सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यातले सुमारे १० लाख ज्यू. त्यातल्या कितीतरी जणांचं तिथं मागे राहिलेलं नाव म्हणजे ते पेटीवरचं.

सत्तावीस नंबरच्या ब्लॉकमध्ये, युरोपभर मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावांचं एक अवाढव्य पुस्तक आहे. पानं भलीमोठी आणि नावं ४० लाखांहून जास्त. सगळ्या फेऱ्या तिथं जात नाहीत, पण तुम्ही वेळ काढून जा. मी गेले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ एका ओळीवर बोट ठेवून उभे होते आणि त्यांची मुलगी फोटो काढत होती.

रॅम्पबद्दल थोडं जास्त लिहिते, मी रेल्वेची मुलगी म्हणून. छावणीच्या आत नेलेला तो फाटा १९४४ च्या मे महिन्यात सुरू झाला. मे ते जुलै एवढ्या दोन महिन्यांत हंगेरीतून चार लाखांवर ज्यू तिथं आणले. आज त्या रुळांवर एक लाकडी मालडबा उभा करून ठेवला आहे, जनावरं न्यायचा असावा तसा, वर एवढीशी खिडकी. एकेका डब्यात सत्तर-ऐंशी माणसं कोंबायचे. मी भुसावळच्या यार्डात असे डबे जन्मापासून पाहत आले, त्यांचा वासही ओळखते. आणि तिथंच मला एक गोष्ट आठवली, जी मी पूर्वी वाचली होती पण कधी वर्गात सांगितली नव्हती. जर्मन रेल्वे या माणसांचं भाडं लावायची. तिसऱ्या वर्गाचं, किलोमीटरला ४ फेनिग, म्हणजे जर्मन पैसे. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. चारशेच्या वर माणसं असली तर गटाची सवलत. बिल माणसांना पाठवणाऱ्या सरकारी खात्याकडे जायचं. पहाऱ्याच्या शिपायांचं भाडं जाऊन-येऊन लावायचे, बाकीच्यांचं एकाच बाजूचं. म्हणजे कुठंतरी एक कारकून बसून हा हिशेब करत होता. वडिलांच्या हाताखालून असले कितीतरी कागद गेले असतील, मालाचे, गुरांचे. मी त्या रुळांवर उभी राहून रडले, ताई, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

जाऊबाईंचा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. आत जायचे पैसे नसतात, पास मात्र लागतो. पैसे घेतात ते गाईडसोबतच्या फेरीचे. आणि सुतकाचं म्हणाल, तर मी क्राकोच्या मुक्कामी आल्यावर डोक्यावरून आंघोळ केली. कुणी सांगितलं म्हणून नाही. सुतक आपल्या माणसाचं असतं, परक्याचं कुणी पाळत नाही. त्या रात्री मी जेवले नाही, भाचीनेही आग्रह केला नाही. जाऊबाईंना हे असंच सांगा. त्या समजून घेतील असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

नातवाचं : संग्रहालयच चौदा वर्षांखालच्या मुलांना न आणण्याचा सल्ला देतं. चार नंबरच्या ब्लॉकमध्ये बायकांचे कापलेले केस ठेवले आहेत, सुमारे दोन टन, वेण्यांसकट. अकरा वर्षांच्या पोराने ते पाहून रात्री काय करायचं? त्या दिवशी सून किंवा मुलगा त्याच्यासोबत क्राकोत थांबू दे. तिथला वावेलचा किल्ला पोरांना आवडतो.

गुडघ्यांचं : मुख्य छावणीत जिने आहेत, पायऱ्या मधोमध झिजून खळगे पडलेत, कठडा धरूनच चढा. बिर्केनाऊ म्हणजे उघडं माळरान. दारापासून रुळांच्या शेवटापर्यंत किलोमीटरभर चाल, पायाखाली खडी, डोक्यावर सावली नाही आणि एप्रिलातही वारा बोचरा. दोन्ही छावण्यांमध्ये फुकट बस असते. पट्ट्याचे बूट घाला, चपला नकोत. पिशवी छोटी ठेवा, मोठी आत नेऊ देत नाहीत. पासवर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ हवा. बुकिंग मुलाला संग्रहालयाच्या स्वतःच्या वेबसाइटवरून, आजच करायला सांगा. क्राकोहून बसने दीड-एक तास लागतो.

इंग्रजीची काळजी करू नका. गाईड सावकाश बोलतात. पण मुलाला सांगा, फेरी चालू असताना कानात मराठीत सांगत बसू नकोस, इतरांना त्रास होतो. आदल्या संध्याकाळी तासभर बसून त्याने तुम्हाला सगळं मराठीत सांगावं. मग तिथं अर्धे शब्द कळले तरी पुरतात. केसांच्या दालनात आणि अकरा नंबरच्या ब्लॉकच्या तळघरात फोटो काढायला मनाई आहे. मी म्हणेन, फोन पूर्ण वेळ पिशवीतच ठेवा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. आपल्या बायकांच्या पर्सला, किल्ल्यांना, गळ्यात कुठंतरी स्वस्तिक असतंच. माझ्या पाकिटावर होतं, भाचीने आदल्या रात्री पाहिलं म्हणून बरं झालं. आपलं स्वस्तिक दारातल्या रांगोळीचं, लग्नपत्रिकेवरचं. नाझींचं पांढऱ्या गोलात काळं, तिरकं उभं केलेलं. आपल्याला फरक कळतो. पण त्या गर्दीत कुणाची तरी आजी तिथं गेलेली असते, तिच्या नातीला तो क्षणभर कळणार नाही. त्या दिवसापुरतं ते मुक्कामी काढून ठेवा.

प्रश्न : बाई, मी पारोळा तालुक्यात नववी-दहावीला शिकवतो. वर्गातली मुलं सर्रास म्हणतात, ‘सर, देशाला हिटलरच पाहिजे, शिस्त लागेल.’ तिथं नेणं तर शक्य नाही. काय करावं?

उत्तर : सर, रागावू नका. मुलांनी हे घरातल्या मोठ्यांकडूनच ऐकलेलं असतं, आणि स्टॅंडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरचं आत्मचरित्र थोर पुरुषांच्या चरित्रांना खेटूनच ठेवलेलं असतं. आकड्यांपासून सुरुवात करू नका. साठ लाख ज्यू मारले म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. त्यांना वर सांगितलेला भाड्याचा हिशेब फळ्यावर लिहून दाखवा. अर्धं तिकीट म्हणजे काय, ते आपल्या पोरांना चांगलं ठाऊक असतं. चाळीसगावला मामाकडे जाताना ते काढलेलं असतं. मग विचारा, हे तिकीट परतीचं का नव्हतं? शिस्त तर त्या हिशेबातही होती, हे त्यांचं त्यांना दिसू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.

दुसरं म्हणजे, ऑश्विट्झच्या संग्रहालयाने आता गाईडसोबतची ऑनलाइन फेरी सुरू केली आहे. गाईड समोर बोलतो आणि प्रश्नही विचारता येतात. शाळेत प्रोजेक्टर असेल तर नववी वगळून फक्त दहावीच्या मुलांना बसवा, आणि आधी पालकांना चिठ्ठी पाठवा. भाषेची अडचण येईल. त्यासाठी मला कळवा, अमळनेरहून पारोळा काही लांब नाही. मी येईन, आणि मुलांना मध्ये मध्ये मराठीत सांगेन. वडिलांच्या पेटीचं झाकण अजून माझ्याकडे आहे, तेही घेऊन येते.