पर्ड्यूची पोरं यंदा काय करणार?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेटच्या हिवाळ्याबद्दल लिहिताना तिथल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर एवढी पत्रं आली की हे सदर पूर्ण त्यांनाच देते आहे. लाफायेटला येऊन मला बावीस वर्षं झाली. त्याआधी नागपूरला शिवाजीनगरच्या मैदानावर मी स्वतः खेळत होते. संघ माझा आहे, हे समजूनच पुढचं वाचा. आणि हे सगळं मी ऑक्टोबर २०२५ मध्ये, २०२५-२६ चा हंगाम सुरू होण्याआधी लिहिते आहे.

ताई, माझा मुलगा ऑगस्टमध्ये एम.एस.साठी पर्ड्यूला आला. फोन केला की अभ्यासाऐवजी मॅचच्या तिकिटांचं बोलतो. कॉलेजच्या मॅचमध्ये एवढं काय असतं?
– एक आई, ठाणे

जाऊ द्या त्याला, खुशाल जाऊ द्या. परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात साडेपाचलाच अंधारून येतं, पोरं खोलीत एकटी पडतात. अशा वेळी मॅकी अरीनात, म्हणजे संघाच्या बंदिस्त मैदानात, चौदा हजार आठशे माणसांच्या गलक्यात दोन तास उभं राहणं हे औषध आहे. ही इमारत १९६७ सालची. विद्यार्थ्यांच्या भागाला 'पेंट क्रू' म्हणतात, आणि तिथे सामनाभर कुणी बसत नाही. वाबाश नदीच्या अलीकडचं लाफायेट आणि पलीकडचं वेस्ट लाफायेट, दोन्ही गावं सामन्याच्या संध्याकाळी रिकामी होतात. आमचा पोस्टमनसुद्धा सोनेरी-काळी टोपी घालून टपाल टाकतो.

'एवढं काय' म्हणाल तर एक जुनं दुखणं आहे. पर्ड्यूच्या मुलींनी १९९९ साली राष्ट्रीय विजेतेपद आणलं. मुलांना एनसीएएचं (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना) विजेतेपद आजवर एकदाही मिळालेलं नाही. अंतिम सामना ते दोनदा खेळले. १९६९ साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने ९२-७२ असं हरवलं, आणि यूसीएलएचे प्रशिक्षक कोण? जॉन वुडन, म्हणजे पर्ड्यूतच शिकलेले आणि पर्ड्यूसाठीच खेळलेले. दुसऱ्यांदा २०२४ साली कनेक्टिकटने ७५-६० ने हरवलं. त्या रात्री आमच्या झॅक ईडीने एकट्याने ३७ गुण केले. तरीही हरलो.

आता २०२६ चा अंतिम सामना इंडियानापोलिसला आहे. आमच्या दारापासून शंभरेक किलोमीटर. मुलगा तिकिटांचं का बोलतो, ते कळलं ना?

आमच्याकडे विद्यापीठाच्या स्पर्धेआधी निवड चाचणी होते. आलेल्या मुलांतून बारा निवडतो. तिकडे 'रिक्रूटिंग' म्हणतात ते नेमकं काय असतं?
– शारीरिक शिक्षणाचे एक शिक्षक, सांगली

सर, तुमच्याकडे मुलगा कॉलेजला आधी येतो आणि संघात नंतर. इथे उलटं. प्रशिक्षक मुलाच्या मागे लागतात, आणि तेही तो नववी-दहावीत असल्यापासून. शाळेच्या जिममध्ये जाऊन बसायचं, उन्हाळी स्पर्धा बघायच्या, घरी जाऊन आईवडिलांशी बोलायचं, मुलाला कँपस दाखवायचा. शेवटी मुलगा 'येतो' म्हणाला तर शिष्यवृत्ती द्यायची. यादी पूर्वी तेरा शिष्यवृत्त्यांची असे, आता पंधरा खेळाडूंची झाली आहे. पंधरा म्हणजे फार नव्हे. दोन निवडी चुकल्या की दोन वर्षं वाया.

देशभरच्या शाळकरी मुलांच्या क्रमवाऱ्या छापल्या जातात आणि मोठी कॉलेजं पहिल्या पंचवीस-तीस नावांसाठी भांडतात. मॅट पेंटर २००५ पासून पर्ड्यूचे प्रशिक्षक आहेत, त्याआधी पर्ड्यूचेच खेळाडू. ते त्या भांडणात सहसा पडत नाहीत. झॅक ईडीचंच बघा. टोरांटोचा मुलगा, सात फूट चार इंच उंच, आधी बर्फावरची हॉकी आणि बेसबॉल खेळणारा, बास्केटबॉलला उशिरा लागलेला. आला तेव्हा क्रमवारीत चारशेच्याही पलीकडे. तोच २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला.

यंदाच्या संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू आणून खेळ रचणारा, ब्रेडन स्मिथ इंडियानातल्याच वेस्टफील्डचा. उंची जेमतेम सहा फूट. २०२२ साली राज्यातला सर्वोत्तम शालेय खेळाडू म्हणून 'मिस्टर बास्केटबॉल' झाला, पण मोठ्या कॉलेजांना तो लहानखुरा वाटला. आज तो देशातल्या पहिल्या पाचांत गणला जातो. याच संघातल्या ट्रे कॉफमन-रेनला तर पहिलं वर्षभर सामन्यात उतरवलंच नाही. याला 'रेडशर्ट' म्हणतात: मुलगा सराव करतो, शिकतो, अंगाने भरतो आणि त्याचा खेळण्याचा हंगाम शिल्लक राहतो. अठरा वर्षांच्या मुलाला वर्षभर बाकावर बसवून त्याचा विश्वास टिकवणं किती कठीण, हे तुम्हाला मी काय सांगू! मागच्या हंगामात त्याच मुलाने सामन्याला सरासरी वीस गुण केले.

मला या संघाचं जे आवडतं ते एका जागी बघायचं असेल तर या दोघांची एक चाल बघा. स्मिथ चेंडू टप्पे देत वरून येतो. कॉफमन-रेन स्मिथवरच्या बचावपटूच्या वाटेत खांबासारखा उभा राहतो. दोन बचावपटू स्मिथवर तुटून पडतात, आणि त्यांच्या हातांखालून चेंडू कॉफमन-रेनकडे गेलेला असतो. तो रिंगपर्यंत जातच नाही. सहा-आठ फुटांवरून एका हाताने चेंडू हलकेच ढकलतो, देव्हाऱ्यात फूल ठेवावं तसा. तीन वर्षं हे दोघं एकमेकांच्या सोबत खेळताहेत, म्हणून तो पास न बघता जातो. विकत घेतलेल्या संघाला हे पहिल्या वर्षी जमत नाही.

'विकत घेतलेला संघ' असं तुम्ही मागेही लिहिलं होतं. कॉलेजच्या खेळाडूंना पैसे मिळतात? मग ते कॉलेजचे कसले?
– एफ.वाय.चा विद्यार्थी, पुणे

मिळतात. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर, फोटोवर, जाहिरातींतून कमावता येतं. जून २०२५ मध्ये न्यायालयाने खेळाडूंच्या खटल्यातल्या एका मोठ्या तडजोडीला मान्यता दिली, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळे खेळ मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉलला जातो, पण बास्केटबॉललाही चांगलाच मिळतो.

पैसे मिळण्यात मला काही गैर वाटत नाही. हजारोंनी तिकिटं विकली जातात, टीव्हीवाले मोजून पैसे देतात, आणि घाम गाळणाऱ्याला मात्र एक दमडी नाही, हे चूकच होतं. माझा जीव तुटतो तो दुसऱ्या गोष्टीसाठी. 'ट्रान्सफर पोर्टल' नावाची यादी आहे. कॉलेज बदलायचं असलेला खेळाडू तिथे नाव घालतो. पूर्वी बदली केली की बहुतेकांना एक वर्ष बसावं लागे, आता दरवर्षी बदलता येतं. वसंतात हंगाम संपतो आणि शेकडो मुलं यादीत येतात. शेजारच्या इंडियाना विद्यापीठाने नवा प्रशिक्षक आणला आणि जवळजवळ सगळा संघच नवा भरला. त्या संघाच्या प्रेक्षकांना पहिले काही सामने नावं पाठ करण्यात जातील.

आमच्याकडूनही मुलं गेली. कॅमडन हाइडी टेक्सासला, माइल्स कॉल्व्हिन वेक फॉरेस्टला. दोघांच्या जाण्याचं मला वाईट वाटलं, पण त्यांना खेळायला जास्त वेळ हवा होता आणि तो मागण्याचा त्यांना हक्क आहे. तरी स्मिथ, कॉफमन-रेन आणि फोर्ट वेनचा नेमबाज फ्लेचर लॉयर हे तिघं राहिले. तिघांनाही बाहेर जास्त पैसे मिळू शकले असते असं मला वाटतं. आजच्या दिवसांत तीन मोठे खेळाडू शेवटच्या वर्षापर्यंत एका कॉलेजात टिकणं, हेच पेंटरांचं सगळ्यात मोठं रिक्रूटिंग.

आमच्या मिशिगनपुढे यंदा तुमचं काय चालणार? खरं सांगा.
– एक वाचक, डेट्रॉइट

खरंच सांगते. मिशिगनची मला धास्ती आहे. तुमचे प्रशिक्षक डस्टी मे यांनी बदलीच्या यादीतून संघ उभा केला आहे: बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठातून (यूएबी) याक्सेल लेंडेबोर्ग, इलिनॉयहून मोरेझ जॉन्सन, यूसीएलएहून सात फुटी अदाय मारा. तुमची ती आघाडीची फळी बघितली की छातीत धस्स होतं.

पण आमचंही ऐका. या ऑक्टोबरात (२०२५) असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या हंगामपूर्व क्रमवारीत पर्ड्यू पहिला आहे. हंगाम सुरू होण्याआधीचा पहिला क्रमांक आम्हाला इतिहासात प्रथमच मिळाला. त्याने मी हुरळून गेलेले नाही. मागच्या वर्षी असाच पहिला क्रमांक कॅन्ससला होता, आणि मार्चमधल्या एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत ते पहिल्याच फेरीत आर्कन्सॉकडून हरले. आम्ही स्वतः २०२३ साली पहिलं मानांकन घेऊन फेअरली डिकिन्सन नावाच्या सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून ६३-५८ असे हरलो आहोत. ते विसरणारं माणूस या गावात नाही.

मागच्या वर्षीचं दुखणं काय होतं? रिंगखाली माणूस नव्हता. सात फूट चार इंचांच्या डॅनियल जेकबसनचा दुसऱ्याच सामन्यात पाय मोडला आणि हंगाम संपला. समोरचे आमच्या बोर्डाखाली घुसून बास्केट करत, चुकलं तरी रिंगवरून उडालेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, त्यांचाच. २८ मार्चला इंडियानापोलिसला राष्ट्रीय स्पर्धेतल्या ह्यूस्टनविरुद्धच्या सामन्याला मी स्टेडियममध्ये होते. ६०-६० अशी बरोबरी, दोन-अडीच सेकंद बाकी, चेंडू ह्यूस्टनचा, आमच्याच बोर्डाखालून आत टाकायचा. मिलोस उझानने चेंडू आत दिला आणि लगेच रिंगकडे वळला. चेंडू धरणाऱ्याकडे आमची पोरं धावली आणि ज्याने टाकला त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. चेंडू परत त्याच्या हातात, आणि सोपी बास्केट. ६२-६०. माझ्या पुढच्या रांगेतला आठ-नऊ वर्षांचा मुलगा काही न बोलता टोपी काढून मांडीवर ठेवून बसला. वडिलांनी हात धरून उठवेपर्यंत तो तसाच होता.

यंदाची भरती त्या जखमेवरच केली आहे. साउथ डकोटा स्टेटहून ऑस्कर क्लफ आला. मूळचा ऑस्ट्रेलियन, सहा फूट अकरा इंच, मागच्या हंगामात सामन्याला बारा रिबाउंड काढणारा. बदलीच्या यादीतून पेंटर मोजकेच घेतात, पण नेमकं भोक बुजवणारा घेतात. दोन वर्षांपूर्वी लान्स जोन्सला असाच आणला होता आणि त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यापर्यंत गेलो. जेकबसन बरा झाला आहे, उन्हाळ्यात एकोणीस वर्षांखालच्या अमेरिकन संघातून जागतिक स्पर्धेचं सुवर्णही घेऊन आला. मकाबी तेल अवीवहून ओमेर मायर हा इस्रायली गार्ड आला आहे. स्मिथला दम खायला चार मिनिटं मिळाली तरी मायरचं येणं सार्थकी लागलं, कारण मागच्या वर्षी शेवटच्या पाच मिनिटांत स्मिथचे पाय जड झालेले दिसत.

स्मिथचं आणखी एक. कारकिर्दीतल्या असिस्टचा, म्हणजे ज्यावर बास्केट होते अशा पासांचा, राष्ट्रीय विक्रम हा हंगाम सुरू होताना ड्यूकच्या बॉबी हर्लीचा होता, १,०७६. स्मिथ तेव्हा साडेसातशेच्या पुढे होता. मागच्या हंगामात त्याने तीनशेवर दिले, म्हणजे विक्रम आवाक्यात आहे. आम्हाला २०२४ चा अंतिम सामना हरवणारे प्रशिक्षक डॅन हर्ली या बॉबीचेच भाऊ. म्हणून हा विक्रम मला जरा जास्तच हवा आहे.

भीती कसली? चपळ गार्डांसमोरच्या बचावाची. स्मिथ ठेंगणा, लॉयर पायाने मंद. सी. जे. कॉक्स आणि गिकारी हॅरिस या दोन दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी तिथे खांदा दिला तरच मार्चमध्ये दूर जाऊ. नोव्हेंबरात अलाबामाच्या घरी जाऊन खेळायचं आहे, तेव्हाच अंदाज येईल. माझं मत विचाराल तर शेवटच्या चारांत आम्ही असू. त्यापुढचं माझ्या तोंडून वदवू नका, नजर लागते.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, उंची पाच फूट अकरा, राज्य संघात खेळते. तिला अमेरिकेत शिष्यवृत्ती मिळेल का? एक एजंट चार लाख मागतो आहे.
– एक वडील, अमरावती

दादा, ते चार लाख देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका घराने असेच पैसे दिले. हातात आलं एक चकचकीत 'प्रोफाइल', बाकी काही नाही. पोरीचं बारावीचं वर्ष त्यात गेलं, आणि तिने नंतर चेंडूच हातात घेतला नाही. ते मला फार लागलं आहे.

वाट आहे, अरुंद आहे. अमान संधू न्यू जर्सीतल्या मॉनमथ विद्यापीठात शिष्यवृत्तीवर आला, हरसिमरन कौर सॅन दिएगो विद्यापीठात. हे दोघंही एनबीए (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) अकादमीच्या प्रशिक्षणातून पुढे आलेले. आपल्याकडे पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तेव्हा महाराष्ट्रातली मुलगी कमी पडते असं मनातही आणू नका.

नोंदणी एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे तुम्ही स्वतः करायची. नववीपासूनचे सोळा मुख्य विषय मोजले जातात, म्हणून गणित-विज्ञान-इंग्रजीच्या गुणपत्रिका जपून ठेवा. पहिल्या आणि दुसऱ्या विभागातली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतात, तिसऱ्या विभागातली देत नाहीत. दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजंही बघा, तिथून पुढे मोठ्या विद्यापीठात जाता येतं. आणि वर लिहिलेल्या जाहिरातींच्या पैशांवर हिशेब मांडू नका. विद्यार्थी व्हिसावर इथे काम करायला कडक बंधनं आहेत, परदेशी खेळाडूंची त्यात मोठी अडचण होते.

प्रशिक्षकांना ईमेल मुलीने लिहावी, तुम्ही नाही. सोबत गाणी लावलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ नको. एक पूर्ण सामना, न कापलेला, मैदानाच्या मध्यावरून थोड्या उंचीवरून घेतलेला. तिचा पास चुकल्यावर ती मागे कशी धावते, हे त्यात दिसू द्या. इथले प्रशिक्षक आधी तेच बघतात. व्हिडिओ झाला की या सदराच्या पत्त्यावर पाठवा. पाठवण्याआधी मी एकदा डोळ्यांखालून घालते.