खणाची मूठ हलतेय? आधी आतून बघा

ढिल्या मुठीला जाडा स्क्रू पिळू नका, जुनं सागवान रेषेत चिरतं. खण बाहेर काढून आतून बघा. आरपार बोल्ट असेल तर नटाखाली रुंद वायसर घाला. नाहीतर नट लाकडात रुततो आणि मूठ पुन्हा डुगडुगते.

लाकडात पिळलेला स्क्रू असेल तर भोक झिजलंय. भुसा झाडा, जळून उरलेल्या उदबत्तीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च ठोका. २४ तास थांबा. साताऱ्याच्या पावसाळ्यात ४८ धरा, दमट हवेत गोंद उशिरा वाळतो. काड्या सपाट कापून २ मिमीचं भोक पाडा, जुन्याच स्क्रूला मेण लावून हाताने आवळा. मशीन नकोच, पितळी स्क्रूचं डोकं पटकन तुटतं आणि दांडा आतच अडकतो.