वाचकांचे प्रश्न : इंग्लंडच्या कालव्यावर नॅरोबोटीचा एक दिवस

प्रश्न : आमचा मुलगा मिल्टन कीन्सला नोकरी करतो. येत्या जूनमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार असून त्याने एका दिवसासाठी नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब आणि अरुंद बोट, भाड्याने घ्यायचे ठरवले आहे. माझे वय 66, पत्नीचे 62. आमच्यापैकी कोणीही आजवर वल्हेसुद्धा हातात धरलेले नाही आणि पत्नीला पोहता येत नाही. बोट खरोखरच आपण चालवायची असते का? दिवसभरात किती अंतर कापता येईल? (एक वाचक, सांगली)

उत्तर : होय, बोट आपणच चालवायची असते आणि भाड्याच्या नॅरोबोटीसाठी चालकाचा परवाना लागत नाही. निघण्यापूर्वी बोटवाले इंजिन, सुकाणू आणि दोर यांची माहिती देतात. ती मुलाने एकट्याने न ऐकता तिघांनीही ऐकावी, कारण दुपारनंतर सुकाणू कोणाच्या हाती असेल हे सकाळी सांगता येत नाही.

सुकाणू म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाला असलेला आडवा दांडा. तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. आपण सांगलीचे आहात, तेव्हा ऊस भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरने मागे घेताना चाक उलट्या बाजूला कसे फिरवावे लागते हे आपण पाहिले असेल. हा प्रकार तसाच आहे. बोट आपल्या मधल्या भागाभोवती फिरते, म्हणजे पुढचे टोक उजवीकडे गेले की मागचे डावीकडे सरकते, आणि नवखा माणूस पुढे पाहता पाहता मागचे टोक काठावर आपटतो. दुसरे असे, की दांडा हलवल्यावर बोट लगेच वळत नाही, दोन-तीन श्वासांनी वळते. तेवढा धीर नसलेला माणूस दांडा आणखी ढकलतो आणि मग पहिला तासभर नागमोडी जातो. समोरून बोट आली तर आपण उजव्या बाजूने जायचे, म्हणजे तिथल्या रस्त्यांच्या नेमके उलट. मुलाला तिथे गाडी चालवायची सवय असेल तर हे त्याला आवर्जून सांगा.

अंतराविषयी म्हणाल, तर दिवस मैलांत न मोजता तासांत मोजावा. कालव्यावरील वेगमर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर आहे. प्रत्यक्षात ताशी तीन मैल धरावेत. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद करावे लागते, नाहीतर आपल्या लाटेने त्यांचे दोर ताणले जाऊन जमिनीत ठोकलेल्या मेखा उपटून येतात. शिवाय वाटेतल्या प्रत्येक लॉकसाठी पाव तास धरावा लागतो.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला खोल हौद. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे आणि वरच्या बाजूच्या झडपा उघडून हौद भरायचा, की बोट पाण्याबरोबर वर येते. उतरताना हौद रिकामा करायचा. या झडपांना पॅडल म्हणतात आणि त्या विंडलस नावाच्या काटकोनी लोखंडी हँडलने उघडाव्या लागतात. बहुतेक लॉक्सवर हे काम करायला कोणी माणूस नसतो, ते आपणच करायचे असते. दोन्ही बाजूंचे पाणी समपातळीत येईपर्यंत चार पैलवान लावले तरी दरवाजा हलत नाही. पाणी जुळले, की त्याच दरवाज्याच्या लांब लाकडी तुळईला पाठ टेकवून 62 वर्षांच्या बाईंनाही तो सावकाश ढकलता येतो. पायांना जोर मिळावा म्हणून तिथे जमिनीत विटांच्या उंचवट्यांच्या ओळी अर्धवर्तुळात बसवलेल्या दिसतील. पॅडल वर घेतल्यावर खिट्टी दात्यांत नीट अडकली आहे हे पाहूनच विंडलस काढून घ्यावा. खिट्टी सुटली तर फिरणारे हँडल मनगट मोडू शकते. (माझा पहिला विंडलस तिसऱ्याच लॉकमध्ये पाण्यात गेला. तेव्हा दोन मागून घ्या.)

उतरताना एका गोष्टीत मात्र चूक चालत नाही. वरच्या दरवाज्याच्या पायथ्याशी पाण्याखाली एक बांधीव उंबरा असतो. पाणी ओसरत असताना बोटीचे मागचे टोक त्यावर अडकले, तर पुढचे टोक खाली जाते आणि बोट पाहता पाहता बुडते. त्या उंबऱ्याची हद्द हौदाच्या काठावर रेघेने दाखवलेली असते. बोट कायम तिच्या पुढे ठेवावी आणि लॉकमध्ये उतरताना दोर घट्ट बांधून ठेवू नये, नाहीतर बोट त्याला लटकते.

मिल्टन कीन्सला राहणार आहात म्हणजे ग्रँड युनियन कालवा आपल्या दारातच आहे. माझ्या मते त्याच कालव्यावरच्या स्टोक ब्रूअर्न गावाजवळचा पट्टा आपल्यासाठी योग्य ठरेल. गावाच्या दक्षिणेला सात लॉक्स आहेत. ती सर्व उतरून पुन्हा चढायची म्हटली तर केवळ लॉक्समध्येच साडेतीन तास जातील. उत्तरेला मात्र गेटन जंक्शनपर्यंत एकही लॉक नाही आणि वाटेत 2,813 मीटर लांबीचा ब्लिसवर्थ बोगदा लागतो. सकाळी बोगद्यातून गेटनला जावे, तिथे बोट वळवून परत यावे, आणि अंगात उत्साह उरला असेल तर वरचे एखादे लॉक उतरून चढावे. लॉक पाहायचे असेल तर एक पुरे होते, चौदांची हौस तरुणांची. गावातल्या जुन्या धान्यगिरणीत 1963 साली सुरू झालेले कालव्यांचे संग्रहालय आहे, त्यासाठी तासभर राखून ठेवावा.

या बोगद्याने बांधणाऱ्यांना फार छळले. बाकीचा कालवा 1800 साली तयार झाला तरी बोगदा पुरा होईना, म्हणून पाच वर्षे माल टेकडीवरून घोड्यांच्या रुळगाडीने नेऊन पलीकडच्या बोटींत भरत असत. 1805 मध्ये बोगदा खुला झाला, पण आत घोड्यासाठी वाट ठेवली नव्हती. घोडा टेकडीवरून पलीकडे नेत आणि माणसे बोटीच्या दोन्ही बाजूंना फळ्यांवर आडवी पडून, भिंतींवर पाय टाकत टाकत बोट ढकलत नेत. आज इंजिनावर अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. समोरून बोट आली तरी दोघींना पुरेल इतकी रुंदी आहे. फक्त दोघांनीही वेग कमी करावा आणि दिव्याकडे न पाहता आपल्या बाजूच्या भिंतीकडे पाहावे. छतात हवेसाठी उभी विवरे आहेत आणि त्यांतून पाणी गळते. बोट त्याखालून जात असताना आत बसलेल्यांना गंमत वाटते आणि सुकाणूवरचा माणूस भिजतो; जून असला तरी रेनकोट हाताशी ठेवा.

पत्नीच्या पोहण्याविषयी : कालव्याचे पाणी बहुतेक ठिकाणी कमरेपासून छातीपर्यंत असते, परंतु लॉकमध्ये ते खोल असते. बोटवाल्यांकडे लाइफजॅकेट मागा आणि ते त्यांना दिवसभर घालू द्या. खरा धोका बुडण्यापेक्षा चेंगरण्याचा आहे. बोट काठाकडे येताना दिसली की तिला हाताने किंवा पायाने अडवण्याचा मोह प्रत्येकालाच होतो. कित्येक टन लोखंड पायाने थांबत नाही. बोट आपटू द्यावी, ती आपटण्यासाठीच मजबूत बांधलेली असते.

प्रश्न : या बोटी इतक्या अरुंद का असतात? त्यांत पूर्वी कुटुंबे राहत असत हे खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रुंदी लॉक्समुळे ठरली. कालवे बांधणारे अभियंते जेम्स ब्रिंडली यांनी 1766 साली सुरू झालेल्या ट्रेंट अँड मर्सी कालव्यासाठी पाणी आणि बांधकाम वाचवण्याच्या हेतूने सुमारे सात फूट रुंदीची लॉक्स योजली आणि मिडलंड्समधील (इंग्लंडच्या मध्य भागातील) पुढच्या अनेक कालव्यांनी तेच माप उचलले. त्यामुळे बोट सत्तर फूट लांब असली तरी रुंदीला सातच फूट राहिली. एक अरुंद लॉक एकदा भरायला सुमारे एक लाख लिटर पाणी लागते आणि ते कालव्याच्या सर्वांत उंच भागातून खाली येत राहते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची काटकसर समजते. स्टोक ब्रूअर्नची लॉक्स दुप्पट रुंद आहेत, म्हणून तिथे मागून दुसरी बोट येत असेल तर थोडे थांबून दोघांनी मिळून एका पाण्यात जाण्याची रीत आहे.

कुटुंबांविषयी आपण ऐकले ते खरे आहे. रेल्वेच्या स्पर्धेमुळे मालवाहतुकीचे दर पडले, तेव्हा अनेक नावाड्यांनी घरभाडे आणि मजुराचा पगार वाचवण्यासाठी बायकामुलांना बोटीवर आणले. मालाची जागा सोडून मागे उरलेल्या आठ-दहा फुटांच्या खोलीत चूल, कपाटाच्या दारातून खाली पडणारे टेबल आणि रात्री आडवा ओढायचा पलंग असे. दारांवर आणि बादल्यांवर गुलाब आणि किल्ले रंगवत.

प्रश्न : दिवसभराच्या बोटीवर शाकाहारी माणसाने खायचे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : काठावरच्या पबांत शाकाहारी पदार्थ मिळतात, परंतु दुपारी ठरावीक वेळेनंतर स्वयंपाकघर बंद होण्याची शक्यता असते, आणि ताशी तीन मैलांनी जाणाऱ्या माणसाने ती वेळ गाठण्याच्या भरवशावर राहू नये. थालीपीठे, दही आणि लोणचे बरोबर घ्यावे. बहुतेक बोटींवर चहा करण्याची सोय असते, तीही निघण्याआधी विचारून घ्यावी. डबे झाकणाचे असावेत आणि ते ओट्यावर न ठेवता खाली ठेवावेत, कारण पहिल्या धडकेला सर्वांत आधी दही जमिनीवर येते.